आटे, पाने आणि मालक : ब्रिटिश स्पोर्ट्‌स मोटारींच्या घरगुती दुरुस्तीचा इतिहास

मोटारीचा इतिहास बहुधा कारखान्याच्या बाजूने लिहिला जातो. नमुना कोणी आखला, उत्पादन केव्हा सुरू झाले, किती गाड्या बाहेर पडल्या आणि दरवाजे केव्हा बंद झाले, एवढे सांगून झाले की इतिहासकार लेखणी खाली ठेवतो. वस्तुतः एखाद्या गाडीच्या आयुष्यातला सर्वांत लांब काळ येथूनच सुरू होतो. एम. जी. बी. ही ब्रिटिश स्पोर्ट्‌स मोटार ऑक्सफर्डजवळील अ‍ॅबिंग्डन येथे १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षे तयार होत होती. तिचे उत्पादन थांबून आता चार दशकांहून अधिक काळ लोटला आहे, आणि या उत्तरकाळात ती जिवंत राहिली ती कारखान्यामुळे नव्हे, तर घराशेजारच्या अरुंद गॅरेजमध्ये, पावसाळी रविवारी, गुडघ्याखाली गोणपाट घालून बसलेल्या मालकांमुळे. या मालकांनी दैनंदिनी क्वचितच लिहिल्या. त्यांचा दप्तरखाना म्हणजे त्या गाड्याच होत. तो दप्तरखाना कसा वाचावा, याचा विचार येथे कर्तव्य आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये नवी मोटार ही सहज मिळणारी वस्तू नव्हती. पोलादाचा पुरवठा निर्यातीशी जोडलेला होता, पेट्रोलवरील नियंत्रण मे १९५० पर्यंत चालू होते, आणि १९४० साली आलेला खरेदी-कर तयार मोटारीची किंमत फुगवीत असे. कारखान्यातून निघणाऱ्या स्पोर्ट्‌स मोटारींचा मोठा हिस्सा परदेशी, विशेषतः अमेरिकेत जाऊ लागला. देशात राहिल्या त्या युद्धापूर्वीच्या गाड्या, आणि त्या विकत घेणारा वर्ग होता तरुण तंत्रज्ञांचा, सैन्यातून परतलेल्यांचा व विद्यार्थ्यांचा. युद्धकाळात विमानाच्या इंजिनावर काम केलेल्या मनुष्याला मोटारीच्या इंजिनाचे भय वाटण्याचे कारण नव्हते. पैसा नाही पण हात आहेत, ही त्यांची स्थिती. घरगुती दुरुस्ती हा छंद म्हणून जन्मला नाही, तर काटकसर म्हणून जन्मला, ही गोष्ट पुढील विवेचनात विसरता कामा नये.

या मालकापुढे पहिली अडचण उभी राही ती आट्यांची. बोल्टच्या अंगावरील आटे ही वरवर पाहता क्षुल्लक बाब. परंतु ब्रिटिश यंत्रोद्योगाचा शंभर वर्षांचा इतिहास त्यांत कोरलेला आहे. १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ याने प्रत्येक जाडीच्या बोल्टला इंचामागे किती आटे असावेत आणि आट्याचा कोन ५५ अंशांचा असावा, असे प्रमाण सुचविले, आणि ते साम्राज्यभर पसरले. १८६४ साली अमेरिकेत विल्यम सेलर्स याने ६० अंशांचे निराळे प्रमाण मांडले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी ब्रिटनमध्येच बारीक आट्यांची आणखी एक मालिका निघाली. विद्युत् उपकरणांतील व मापकांतील चिमुकल्या स्क्रूंसाठी स्विस मूळ असलेली तिसरी मालिका तर आधीपासूनच होती. तिचा कोन साडेसत्तेचाळीस अंश.

पान्यांची भाषा याहूनही फसवी. व्हिटवर्थ पान्यावर कोरलेला आकडा पान्याच्या जबड्याचे माप सांगत नाही, तर तो पाना ज्या बोल्टला लागतो त्या बोल्टच्या दांड्याची जाडी सांगतो. अमेरिकी पद्धतीच्या पान्यावरील आकडा मात्र नटाच्या दोन समोरासमोरच्या बाजूंमधील अंतर दर्शवितो. म्हणजे एकाच अपूर्णांकाचे दोन पाने शेजारी ठेवले, तर एक बसतो आणि दुसरा बसत नाही. एकच शब्द दोन बोलींत दोन अर्थांनी वापरला जावा, तसाच हा प्रकार. महाराष्ट्रातील मिस्त्रीने यावर स्वतःपुरता तोडगा पूर्वीच काढला होता : इंचाचा आठवा भाग म्हणजे एक ‘सूत’, आणि सगळे माप सुतांत.

परंतु या गोंधळाचा कळस पाहावयाचा असेल तर एम. जी. कंपनीच्या टी-मालिकेतील गाड्यांकडे वळले पाहिजे. १९४५ ते १९४९ या काळात सुमारे दहा हजारांच्या संख्येने तयार झालेली टी. सी. ही त्यांतील सर्वांत परिचित. हिचे १२५० घनसेंटिमीटरचे इंजिन मॉरिस समूहाच्या कॉव्हेंट्री येथील कारखान्यातले. हा कारखाना मुळात हॉचकिस या फ्रेंच शस्त्रास्त्र कंपनीचा. पहिल्या महायुद्धात तिने मशीनगन बनविण्यासाठी कॉव्हेंट्रीत बस्तान बसविले. युद्ध संपल्यावर यंत्रे रिकामी पडली, तेव्हा ती मॉरिससाठी इंजिने बनवू लागली, आणि १९२३ साली विल्यम मॉरिस याने तो कारखानाच विकत घेतला. यंत्रसामग्री फ्रेंच, म्हणून आटे मिलिमीटरचे. ब्रिटिश गॅरेजांतील पाने मात्र व्हिटवर्थचे. तेव्हा मॉरिसने तोड काढली ती अशी : बोल्टच्या दांड्यावर फ्रेंच आटे, आणि बोल्टच्या डोक्याला व्हिटवर्थचे माप. अंग एका देशाचे व पागोटे दुसऱ्या देशाचे असा हा संकर पुढे तीस वर्षांहून अधिक काळ टिकला.

घरगुती दुरुस्ती करणाऱ्याच्या दृष्टीने याचा परिणाम काय झाला, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. या इंजिनातील एक नेहमीचा बोल्ट आठ मिलिमीटर जाडीचा असून त्याच्या दोन आट्यांमधील अंतर एक मिलिमीटर आहे. पाच-सोळांश इंचाचा ब्रिटिश बारीक आट्यांचा बोल्ट ७.९४ मिलिमीटर जाडीचा, म्हणजे डोळ्याला तोच. पण त्याच्यावर इंचामागे बावीस आटे, तर फ्रेंच बोल्टवर पंचवीसपेक्षा किंचित जास्त. हरवलेल्या बोल्टच्या जागी मालक शेजारच्या दुकानातून दुसरा आणतो. पाना तोच लागतो. पहिले एक-दोन वेढे बोल्ट निमूटपणे आत जातो आणि मग अडतो. गंज असेल असे समजून मालक जोर लावतो, आणि भोकातील आटे मरतात. आज ज्या टी. सी. गाड्या उघडल्या जातात, त्यांच्या इंजिनांत असे मेलेले आटे व त्यांवर केलेले नानाविध उपाय आढळतात. प्रत्येक मेलेल्या आट्यामागे एक रविवार आहे, आणि ज्या ज्ञानाअभावी तो वाया गेला ते ज्ञान गाडीबरोबर दिलेल्या छोट्या पुस्तिकेत सांगितलेले नव्हते. ती पुस्तिका तेल केव्हा बदलावे एवढे सांगे; बाकीचे वितरकाच्या कारागिराने पाहावे, अशी कंपनीची समजूत होती.

नोव्हेंबर १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन व कॅनडा यांच्यात एकीकृत आट्यांचा करार झाला. युद्धात एका देशाचा सुटा भाग दुसऱ्या देशाच्या यंत्राला लागेना, या कटू अनुभवातून तो निघाला होता. १९५५ साली आलेली एम. जी. ए. ही या नव्या आट्यांवर बेतलेली होती. तथापि तिच्याही कार्ब्युरेटरमध्ये व विद्युत् जोडण्यांत जुन्या मालिका रेंगाळत राहिल्या. करार एका दिवसात होतो, परंतु हत्यारांची पेटी बदलावयास एक पिढी जावी लागते.

एम. जी. ए.च्या संदर्भात एक गोष्ट भारतीय वाचकाने लक्षात घेण्यासारखी आहे. तिचे १४८९ घनसेंटिमीटरचे इंजिन हे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ज्या ‘बी’ मालिकेतील, त्याच मालिकेतील व त्याच आकारमानाचे इंजिन पुढे उत्तरपाडा येथे तयार होणाऱ्या अँबॅसडर गाडीत आले. स्पोर्ट्‌स मोटारीत दोन कार्ब्युरेटर व अधिक दाब, अँबॅसडरमध्ये साधी व्यवस्था, एवढाच काय तो फरक. इंग्लंडमधील हौशी मालक जी झडपांची फट रविवारी मोजीत बसे, तीच फट नागपुरापासून सावंतवाडीपर्यंतचे मिस्त्री रोज पोटासाठी मोजीत होते. एका कुळातील एका यंत्राभोवती एके ठिकाणी छंद उभा राहिला आणि दुसरीकडे धंदा. तुलनात्मक अभ्यासाला हा विषय अद्याप मोकळा आहे.

खरेदी-कर तयार मोटारीवर होता, सुट्या भागांवर नव्हता. लोटस कंपनीने १९५७ पासून आपली ‘सेव्हन’ ही गाडी सुट्या भागांच्या स्वरूपात विकली, ती या सवलतीमुळे. भागांबरोबर जोडणीची सूचनापत्रिका दिली तर सवलत जाई, म्हणून कंपनीने गाडी ‘सोडविण्याची’ पत्रिका दिली व ग्राहकांनी ती उलट्या क्रमाने वाचली, अशी एक आख्यायिका आहे. ती अक्षरशः खरी मानण्याचे कारण नाही. १९७३ साली खरेदी-कर जाऊन मूल्यवर्धित कर आला आणि या व्यवहारातील फायदा संपला; पण गाडी घरी जोडता येते, हा विश्वास तोवर रुजला होता.

त्या विश्वासाला शास्त्राचे रूप दिले ते जॉन हेन्स याने. सिलोनमध्ये जन्मलेल्या या मनुष्याने शाळेत असतानाच ऑस्टिन सेव्हन गाडीवर स्वतःची ‘स्पेशल’ बांधून तिची माहितीपुस्तिका काढली होती. पुढे हवाई दलाच्या नोकरीत एडन येथे असता, १९६५ साली, एका सहकाऱ्याच्या ऑस्टिन-हीली स्प्राइट गाडीची पुनर्बांधणी करण्याचा प्रसंग त्याच्यावर आला. ही १९५८ ची बेडकासारख्या डोळ्यांची चिमुकली गाडी. तिचे इंजिन मॉरिस मायनर या साध्या गाडीचेच, म्हणून गरीब मालकाला परवडणारी. कंपनीची अधिकृत पुस्तिका उघडून पाहता ती कारखान्यात शिकलेल्या कारागिरासाठी लिहिलेली आहे, असे हेन्सच्या ध्यानात आले. तेव्हा त्याने गाडी पूर्ण सोडविली, प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घेतले आणि ती पुन्हा जोडली. १९६६ साली प्रसिद्ध झालेले स्प्राइटवरील पुस्तक हे ‘मालकांसाठी कार्यशाळा-पुस्तिका’ या प्रचंड मालिकेचे पहिले पुष्प होय.

भाषेच्या अंगाने पाहता हा बदल लहान नाही. कंपनीच्या पुस्तिकेतील वाक्ये विशिष्ट हत्याराचा क्रमांक सांगून थांबत. ते हत्यार वितरकापाशीच असे. म्हणजे ज्ञान छापलेले असूनही कुलूपबंद. हेन्सच्या गद्याने वाचकाला थेट आज्ञार्थाने संबोधिले, आणि त्या आज्ञेमागे ‘हे आम्ही घरच्या हत्यारांनी करून पाहिले आहे’ अशी साक्ष उभी केली. काळजीपूर्वक केलेले छायाचित्र हे त्या साक्षीचे प्रमाणपत्र. या मालिकेच्या पुस्तकांत ब्रिटिश व अमेरिकी शब्दांचा तक्ता देण्याचा प्रघात पडला, तोही निरर्थक नव्हता. भाग धुण्यासाठी ब्रिटिश लेखक ‘पॅराफिन’ वापरावयास सांगतो तेव्हा त्याच्या मनात रॉकेल असते. अमेरिकी वाचकाच्या मनात मेण येते.

तथापि या गद्याचा एक मोठा दोष नोंदविला पाहिजे. भाग कसा काढावा हे विस्ताराने सांगून झाले की, बसविताना हाच क्रम उलटा करावा, असे सांगून लेखक मोकळा होई. ज्याने वीस वर्षांच्या गंजलेल्या गाडीवर काम केले आहे, त्याला यातील विनोद कळेल. काढताना बोल्ट तुटतो, रबर चिरते, वायसर घरंगळून जातो. कालप्रवाह उलटा करता येत नाही. पुस्तक नव्या गाडीला गृहीत धरी आणि मालकाच्या पुढ्यात म्हातारी गाडी असे. या दोहोंमधली दरी भरून काढली ती शेजाऱ्याने, मोटार-संघाच्या मासिकाने आणि अनुभवाने. एम. जी. गाड्यांचा जुना संघ १९३० सालचा, परंतु तो मुख्यतः शर्यतींत रमणारा; मालकांच्या रोजच्या अडचणींना वाहिलेला संघ १९७३ साली निघाला.

काही ज्ञान तर छापता येणारेच नव्हते. या गाड्यांवरील एस. यू. कार्ब्युरेटर हे त्याचे उत्तम उदाहरण. स्किनर बंधूंनी १९०५ च्या सुमारास केलेल्या या रचनेत प्रारंभी चामड्याचा भाता होता. स्किनर घराणे पादत्राणांच्या धंद्यातले, त्यामुळे चामडे त्यांना परके नव्हते. पुढे भात्याच्या जागी धातूचा दट्ट्या आला. इंजिन जितकी हवा ओढील तितका दट्ट्या वर उचलला जातो आणि त्याच्या खालची निमुळती सुई तितकेच पेट्रोल सोडते. अशी दोन उपकरणे एका इंजिनावर असली की दोन्हींतून सारखीच हवा जावयास हवी. ती जुळविण्यासाठी मालक रबरी नळीचे एक टोक कानाला लावी, दुसरे एकदा या तोंडापाशी व एकदा त्या तोंडापाशी धरी, आणि दोन्ही सुसकारे एका स्वरात येईपर्यंत स्क्रू फिरवी. नंतर दट्ट्या किंचित उचलून पाहावयाचा : इंजिनाचा वेग वाढून तसाच राहिला तर मिश्रणात पेट्रोल अधिक, इंजिन बसू लागले तर कमी, क्षणभर वाढून पूर्ववत झाला तर योग्य. ही कसोटी शब्दांत मांडता येते, पण ‘क्षणभर’ म्हणजे किती, हे तंबोरा लावण्यासारखे, जवळ बसूनच शिकावे लागे.

आता गंजाकडे वळावे. कारण या इतिहासातील खरा संघर्ष इंजिनाशी नव्हे, पत्र्याशी आहे. टी-मालिकेच्या गाड्यांत पोलादी चौकटीवर अ‍ॅश लाकडाचा सांगाडा व त्यावर पत्रा अशी बांधणी होती. पत्रा सडला तरी चौकट गाडी धरून ठेवी. एम. जी. बी.मध्ये स्वतंत्र चौकट गेली. दरवाजाखालच्या पोकळ पेट्या हाच गाडीचा कणा झाला. पावसाचे पाणी आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेले मीठ या पेट्यांत साचे व आतून पत्रा खाई. वरून रंग चकचकीत, आणि कणा पोखरलेला.

सरकारी तपासणी सप्टेंबर १९६० मध्ये सुरू झाली, तेव्हा ती दहा वर्षांहून जुन्या गाड्यांपुरती व मुख्यतः ब्रेक, दिवे आणि सुकाणू यांपुरती होती. सदोष गाड्यांचे प्रमाण पाहून वयाची मर्यादा पुढच्याच वर्षी सातांवर व १९६७ पर्यंत तीन वर्षांवर आली. १९७७ पासून गाडीच्या सांगाड्याची अवस्थाही तपासणीत आली, आणि घरगुती दुरुस्तीचे नैतिक रूप उघडे पडले. पत्रा जोडण्याचे विजेचे उपकरण सामान्य मालकाच्या आटोक्यात येऊ लागले ते त्यानंतर. तोपर्यंत अनेकांनी काय केले? भोकात वर्तमानपत्र कोंबले, त्यावर काचतंतू व लांबी थापली, घासून रंग दिला. काहींनी सडलेल्या पेटीवर नव्या पत्र्याची पट्टी रिव्हेटने ठोकली. तपासनीसाच्या हातोडीला फसवून आणखी एक वर्ष काढावे, हा हेतू. या काळाबद्दल लिहिणारे बहुतेक लेखक मालकांच्या कौशल्याचे कौतुक करतात, आणि ते रास्तही आहे. पण हीच माणसे पुढच्या खरेदीदाराच्या हाती मोडक्या कण्याची गाडी देत होती, हेही त्याच इतिहासात लिहिले पाहिजे.

म्हणूनच अशा गाडीचे वाचन हे जुन्या पोथीच्या वाचनासारखे करावे लागते. मूळ पाठ कोणता, प्रक्षेप कोणता, कोणत्या लेखनिकाने कळत व कोणत्याने नकळत बदल केला, हे थर उलगडून ठरवावे लागते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, तेव्हा त्यांच्यापुढेही हाच प्रश्न होता. मोटारीच्या बाबतीत तो अधिक अवघड होण्याचे कारण असे की, पाठ शुद्ध करावयाचा म्हणजे धातू कापून टाकावा लागतो, आणि कापलेला प्रक्षेप पुन्हा तपासावयास उरत नाही. सडलेल्या पेट्या कापण्यापूर्वी दरवाजाच्या चौकटीत आडवा आधार जोडावा लागतो. तसे न करणाऱ्याची गाडी मधोमध वाकते आणि मग दरवाजा आयुष्यभर लागत नाही.

ऑक्टोबर १९८० मध्ये अ‍ॅबिंग्डनचा कारखाना बंद झाला. तोवर पाच लाखांहून अधिक एम. जी. बी. तयार झाल्या होत्या, म्हणजे सुट्या भागांना गिऱ्हाईक होते. जुने साचे निरनिराळ्या पुरवठादारांकडे विखुरलेले पडले होते. ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने ते शोधून, दुरुस्त करून, १९८८ साली एम. जी. बी.चा संपूर्ण पत्र्याचा सांगाडा नव्याने बनविण्यास प्रारंभ केला. आता मालकाला सडलेला कणा जोडीत बसण्याची गरज उरली नाही. जुन्या गाडीतील इंजिन, आसने व चाके काढून नव्या सांगाड्यात बसविली की झाले. ती गाडी जुनी की नवी, याबद्दलचे वाद अद्याप चालू आहेत. गंमत अशी की, दुरुस्तीसाठी बनविलेल्या या सांगाड्याच्या आधारे रोव्हर कंपनीने १९९२ साली आर. व्ही. ८ ही गाडी बाजारात आणली. मुलाच्या अंगरख्यावरून बापासाठी कापड बेतावे, तसे हे झाले.

मालक स्वतः काय गमावीत होता, याचा उल्लेख छापील साधनांत तोकडा आहे. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरणे जिवावर बेतू शकते, हे पुस्तके आवर्जून बजावीत. बजावावे लागे याचाच अर्थ तसे घडत असे. ब्रेकच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस होते. ब्रेकचा ढोल काढून आतली करडी धूळ तोंडाने फुंकून टाकणे ही साधी सवय होती. ब्रिटनमध्ये अ‍ॅस्बेस्टॉसच्या वापरावर पूर्ण बंदी १९९९ साली आली. त्या धुळीचे परिणाम दिसावयास मात्र कित्येक दशके लागतात.

अलीकडच्या काळात परिस्थितीने निराळे वळण घेतले आहे. शिसेमिश्रित पेट्रोल १९९९ अखेर बंद झाले, तेव्हा झडपांच्या बैठका झिजू नयेत म्हणून अनेकांनी इंजिनांत कठीण धातूची कडी बसवून घेतली. सप्टेंबर २०२१ पासून दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेले पेट्रोल सर्वत्र आले आणि जुन्या रबरी नळ्या बदलणे ओघाने आले. मे २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपात मोठा बदल न केलेल्या गाड्यांना वार्षिक तपासणीतून सूट मिळाली. ज्या तपासणीच्या धाकाने हे सारे कसब वाढले, ती तपासणी ज्यांच्यासाठी होती त्याच गाड्यांवरून उठली. गाडी रस्त्यावर नेण्यायोग्य आहे की नाही, हे ठरविण्याचा भार आता मालकाच्या हातावर व त्याच्या प्रामाणिकपणावर आहे. हेन्सच्या प्रकाशनसंस्थेने २०२० साली नव्या गाड्यांसाठी छापील पुस्तिका काढणे थांबविले. जुन्या गाड्यांच्या पुस्तिका मात्र खपत आहेत. आणि टी. सी.च्या इंजिनासाठी फ्रेंच आट्यांचे, व्हिटवर्थ डोक्याचे बोल्ट पुन्हा नव्याने घडविले जात असून, ते बसविण्यापूर्वी भोकातले आटे बोटाने चाचपून पाहावेत, असे जुने मालक नव्यांना सांगतात.